रोमन सोन्याच्या नाण्यावरचा सम्राट नेमका कुणी पाहावा म्हणून कोरला होता?

ओसरीवरची

मागच्या महिन्यात कामानिमित्त चेन्नईला जाणे झाले आणि एक दुपार मोकळी मिळाली, म्हणून एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात रोमन नाणी पाहायला गेले. तेव्हापासून डोक्यात शिरलेला किडा काही बाहेर पडत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई इथे सापडलेल्या संचयातली नाणी पाहता येतात, आणि रात्रीची आवराआवर झाली की मी ती मोठी करून पाहत बसते. १८९८ मध्ये या संचयाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात ५०१ ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याची नाणी होती आणि ती ऑगस्टसपासून व्हेस्पाशियनच्या काळापर्यंतची होती. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर छिन्नीची चीर आहे, आणि ती चीर नेमकी सम्राटाच्या डोक्यावर पडलेली आहे.

टायबेरियसचे एक नाणे आता माझ्या चांगलेच ओळखीचे झाले आहे. उजवीकडे तोंड केलेला माणूस, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, त्याच्या फितीची टोके मानेवर रुळणारी, आणि कानाच्या वरून निघून गालावरून जबड्याकडे उतरणारी एक सरळ चीर. सोने मऊ असल्यामुळे चिरेच्या दोन्ही कडांना ते नांगराच्या तासासारखे वर आलेले आहे. मागच्या बाजूला हातात राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री आहे (ती टायबेरियसची आई लिव्हिया असावी, असे अनेक अभ्यासक मानतात). तिला मात्र कुणी धक्काही लावलेला नाही.

रोमन सम्राट आपली छबी नाण्यांवरून घरोघरी पोहोचवत असत, असे आपण नेहमी वाचतो. तांब्या-पितळेच्या नाण्यांबाबत ते मला पटते. परंतु सोन्याचे नाणे रोममधल्या भाजीवालीच्या हातात आयुष्यात एकदा तरी पडत असेल का? मग इतके नाजूक कोरीवकाम कुणासाठी चालले होते, आणि ते समुद्र ओलांडून आपल्याकडे आल्यावर इथल्या माणसाला त्या चेहऱ्यावरच घाव घालावासा का वाटला, याविषयी जाणकारांनी लिहावे.

नाणेघाट

धाग्याचा विषय उत्तम आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सैन्याच्या पगारात सापडते, असे मला वाटते. एका ऑरियसला चांदीचे २५ डेनारियस मिळत. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाचा वार्षिक पगार २२५ डेनारियस होता आणि तो तीन हप्त्यांत मिळत असे, म्हणजे प्रत्येक हप्ता ७५ डेनारियसचा, अर्थात बरोबर तीन ऑरियसचा. पुढे डोमिशियनने पगार वाढवला, त्याविषयी लिहिताना सुएटोनियस हा चरित्रकार त्याने 'प्रत्येकी तीन सोन्याच्या नाण्यांचा चौथा हप्ता' जोडला असेच शब्द वापरतो. पगाराचा हिशेब सोन्यात करण्याची सवय होती, हे यावरून उघड आहे. कपडे, अन्न यांची कपात होऊन प्रत्यक्ष हातात किती पडत असे हा भाग वेगळा; परंतु ज्यांच्या जिवावर सम्राट सम्राट राहत होता, त्यांच्यापर्यंत सोने पोहोचत होते. भाजीवालीला सम्राटाचा चेहरा ठाऊक नसता तरी त्याचे काही अडले नसते.

खवचट

म्हणजे पगाराच्या पाकिटावरच साहेबांचा फोटो. आमच्याकडे निदान तो भिंतीवर तरी लावतात.

कसोटी

आमच्या घरात तीन पिढ्या सराफीचे काम आहे, त्यामुळे इतिहासाबद्दल अधिकाराने बोलणार नाही, पण सोन्याबद्दल बोलेन.

ऑगस्टसच्या काळातला ऑरियस सुमारे ७.८ ग्रॅमचा भरतो. आपल्या जुन्या तोळ्याचे बारा मासे धरले, तर हे वजन जवळजवळ बरोबर आठ मासे होते. इसवी सन ६४ मध्ये नीरोने एका रोमन रत्तलात ४५ नाणी पाडायला सुरुवात केली आणि वजन सुमारे ७.३ ग्रॅमवर, म्हणजे साडेसात माशांवर आले. अर्धा मासा कुणाच्या डोळ्याला दिसत नाही, पण तराजूला दिसतो. मात्र सोन्याचा कस त्याने फारसा बिघडवला नाही. सुरुवातीच्या सम्राटांचे सोने ९९ टक्क्यांच्या आसपास शुद्ध असते, त्याला टंच पाहायचीही गरज नाही. चांदीच्या नाण्यात मात्र त्याने वजनही घटवले आणि भेसळही केली.

आता चिरेविषयी. आत तांबे आहे का हे पाहण्यासाठी नाणी कापली, असे उत्तर कुणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो की मला ते पटत नाही. सोने तपासायचे असेल तर सराफ ते कसोटीच्या दगडावर घासतो, शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्ही रेघांचा रंग पडताळतो. वरून मुलामा दिल्याचा संशय आलाच, तर कडेला कानस मारतो. दर्शनी भागाच्या मधोमध घाव घालण्याचे तपासणीसाठी काही कारण नाही, आणि पाचशेपैकी साडेचारशेहून अधिक नाण्यांवर घाव एकाच बाजूला पडतो, हा तर योगायोग असूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. छिन्नीच्या घावाने सोने बाजूला सरकते, कमी होत नाही. ओसरीताईंनी नांगराच्या तासाची उपमा दिली आहे, ती अगदी चपखल आहे. ज्याने हे केले त्याला वजन पूर्ण ठेवायचे होते; बिघडवायचे होते ते फक्त चित्र.

ओसरीवरची

कसोटीदादा, वजन तसेच राहते हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी आतापर्यंत त्या चिरेकडे नासधूस म्हणूनच पाहत होते.

बखरवाचक

नाणेघाट यांचे म्हणणे मान्य करून त्यात थोडी भर घालतो, कारण सोन्याच्या नाण्यांवरचा मजकूर दरबारातल्या आणि छावणीतल्या माणसांशी किती थेट बोलतो, हे क्लॉडियसच्या नाण्यांइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. इसवी सन ४१ मध्ये कॅलिग्युलाचा खून झाला आणि राजवाड्याच्या रक्षकदलाने, म्हणजे प्रिटोरियन सैनिकांनी, क्लॉडियसला सम्राट केले. त्याबद्दल त्याने प्रत्येक सैनिकाला १५,००० सेस्टरशियस देण्याचे कबूल केले. शंभर सेस्टरशियसचा एक ऑरियस, तेव्हा माणशी दीडशे सोन्याची नाणी झाली. त्यानंतर त्याने जी सोन्या-चांदीची नाणी पाडली, त्यांतल्या एका प्रकारावर रक्षकदलाच्या छावणीची तटबंदी आहे आणि 'सम्राटाचा स्वीकार झाला' अशा अर्थाची अक्षरे आहेत. दुसऱ्या प्रकारावर सम्राट आणि निशाणधारी सैनिक हातात हात देऊन उभे आहेत. इतका उघड व्यवहार इतक्या उघडपणे कोरणारा राज्यकर्ता विरळाच म्हणावा लागेल. पावती द्यावी तसे ते नाणे आहे.

नीरो आणि त्याची आई अग्रिपिना यांचे प्रकरण तर नुसत्या नाण्यांवरून वाचता येते. इसवी सन ५४ च्या अखेरीस नीरो सतरा वर्षांचा नसताना गादीवर बसला. त्या वेळच्या ऑरियसवर आई आणि मुलगा समोरासमोर, नाकाला नाक भिडेल इतके जवळ आहेत, आणि गंमत म्हणजे दर्शनी बाजूला भोवती अक्षरे आहेत ती आईच्या नावाची; मुलाचे नाव मागच्या बाजूला गेले आहे. पुढच्याच वर्षीच्या नाण्यावर दोघांचेही तोंड एकाच दिशेला आहे, नीरो पुढे आणि आई त्याच्या आड. आता दर्शनी बाजूचे नाव नीरोचे आहे. त्यानंतर अग्रिपिना रोमच्या टांकसाळीतून नाहीशी होते, आणि इसवी सन ५९ मध्ये नीरो तिचा खून करवतो. दरबारातल्या एखाद्या मुरब्बी माणसाने ही तीन नाणी एका हातावर ओळीने मांडली असती, तर त्याला पुढचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागला नसता.

माहेर_सोलापूर

बखरवाचक, कुटुंबाचे फोटो काढायची हौस सेव्हरस घराण्याला आणखीच होती. इसवी सन २०१ च्या सुमाराच्या एका ऑरियसवर सम्राट सेप्टिमियस सेव्हरस एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला त्याची राणी ज्युलिया डोम्ना थेट समोर पाहणारी, तिच्या दोन्ही बाजूंना कॅराकॅला आणि गेटा हे मुलगे, वर 'युगाचे सौख्य' अशा अर्थाची अक्षरे. दहा वर्षांनी, २११ च्या डिसेंबरात, थोरल्याने धाकट्याला आईच्या कुशीत मारवले आणि साम्राज्यभरच्या शिलालेखांतून त्याचे नाव खोडून काढायला लावले. पूर्वेकडच्या काही शहरांच्या तांब्याच्या नाण्यांवर तर गेटाचा चेहरा घासून टाकलेला आढळतो, आणि शेजारचा भाऊ शाबूत असतो. चेहऱ्यावर घाव घालण्याची कल्पना भारतीयांना सुचली असे आपण धरून चाललो आहोत. परंतु ती रोमनांनाही अपरिचित नव्हती.

जाता जाता, आमच्या जिल्ह्यातल्या दारफळला सेव्हरस काळापर्यंतची रोमन सोन्याची नाणी सापडल्याची नोंद आहे. लहानपणी एसटीने त्या बाजूला कितीतरी वेळा गेले असेन, पण शाळेत हे कुणी सांगितले नाही.

खवचट

शाळेत सांगितले असते तर दारफळला आज एकही शेत न खणलेले उरले नसते.

तिरकस_रेघ

वरचे सगळे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरीही मी विरोधी सूर लावणार आहे. आपण आज भिंग घेऊन, पडद्यावर चित्र मोठे करून, नाण्याच्या प्रत्येक रेषेचा अर्थ लावतो. ज्यांच्या कंबरेच्या थैलीत ती नाणी खुळखुळत होती, त्यांनी एवढे निरखून पाहिले असेल, याला पुरावा काय? पाचशे रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला काय आहे, हे खिशात हात न घालता किती जणांना सांगता येईल?

मॅक्रोबियस नावाचा लेखक सांगतो, की रोमन मुले आपल्या छापा-काट्यासारखा खेळ खेळताना 'डोकी की जहाजे' असे ओरडत. फार जुन्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला दोन तोंडांचा जेनस देव आणि दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ असे, त्यावरून तो शब्द रुळला. मॅक्रोबियसच्या काळापर्यंत नाण्यावरचे जहाज जाऊन शतके लोटली होती, तरी खेळातला शब्द तोच राहिला. चित्राकडे लोकांचे किती लक्ष असते, ते यावरून समजावे. टांकसाळीतल्या अधिकाऱ्याने वरच्याला खूश करण्यासाठी ठसा कोरवून घेतला, वरच्याने तो एकदा पाहिला, प्रकरण संपले, असेही असू शकते की नाही?

नाणेघाट

तिरकस, नोटेचा दाखला बिनतोड आहे, परंतु तो उलटाही वापरता येतो. नोटेच्या मागे काय आहे ते सांगता येणार नाही. पुढे कोण आहे ते मात्र लहान मूलही सांगेल. रोमन नाण्याचेही तसेच असावे. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ, जो स्वतः एकेकाळी गुलाम होता, माणसाच्या स्वभावाविषयी बोलताना नाण्याचाच दाखला देतो: हा ठसा कुणाचा, ट्रेजनचा? मग आण इकडे. नीरोचा? फेकून दे, तो चालणार नाही. तो बोलतो आहे पितळी सेस्टरशियसबद्दल आणि मुद्दा नीतीचा आहे, हे मान्य. तरी ठशातला चेहरा ओळखणारा श्रोता समोर नसता तर हा दाखला त्याने दिलाच नसता. शुभवर्तमानातला 'हा मुखवटा कुणाचा' हा प्रश्नही तसाच आहे, आणि ऐकणारे क्षणाचाही विचार न करता 'कैसराचा' म्हणतात.

वाचनवेडी

तिरकस यांना आणखी एक उत्तर. टायबेरियसच्या राज्यात दहशत किती वाढली होती हे सांगताना सुएटोनियस लिहितो, की ऑगस्टसची छबी असलेले नाणे किंवा अंगठी घेऊन शौचकूपात अथवा कुंटणखान्यात जाणे, हादेखील देहदंडाचा गुन्हा ठरू लागला होता. चरित्रकाराने तिखटमीठ लावले असेल. तरी त्या राज्यातला एखादा श्रीमंत मनुष्य शौचाला जाण्यापूर्वी थैली बाहेर ठेवतो आहे, आणि त्याच सुमारास पाडलेले तेच नाणे काही हजार मैल दूर एखाद्या तमिळ गावात ऐरणीवर ठेवून कुणीतरी त्यावर छिन्नी मारतो आहे, अशी दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. मला तरी या धाग्याचा गाभा तिथे दिसतो.

खवचट

थैली बाहेर ठेवून आत गेलेल्या माणसाला देहदंडाची भीती जास्त होती की थैली पळवली जाण्याची, एवढेच कुणीतरी सांगावे.

लंडनकर_आता

थोडे अवांतर. चित्रासाठीच नाण्याची किंमत कशी होते ते पाहायचे असेल तर ब्रूटसचा ऑरियस पाहावा. सीझरच्या खुनानंतर पाडलेल्या त्या नाण्याच्या एका बाजूला ब्रूटस, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्याने घालायची टोपी, आणि खाली खुनाची तारीख, म्हणजे मार्चची मध्यतिथी. चांदीतले नमुने बरेच आहेत, सोन्यातले अगदी मोजके. ऑक्टोबर २०२० मध्ये इथे लंडनच्या लिलावात त्यांतले एक ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. पुढे मालकीचे कागद खोटे असल्याचे उघडकीस आले आणि २०२३ मध्ये ते नाणे ग्रीसला परत करण्यात आले. आठ मासे सोने, बाकी सगळी किंमत दोन खंजिरांची.

सीझरने जिवंतपणी स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला, ही राजेशाहीची खूण आहे म्हणून त्याच्यावर टीका झाली. आणि त्याला मारणाऱ्याने थोड्याच वर्षांत स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला. तिरकस यांनी विचारलेच आहे म्हणून सांगतो, चेहऱ्याला किंमत नसती तर ब्रूटसला हा मोह पडला नसता.

तिरकस_रेघ

बरे, रोमपुरते मी माघार घेतो. पण भारतात? इथे ऑगस्टस कोण आणि टायबेरियस कोण, याच्याशी कुणाला काय देणे-घेणे असणार?

बखरवाचक

त्याविषयी दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, की क्लॉडियसच्या काळात एका रोमन कंत्राटदाराचा मुक्त केलेला गुलाम वाऱ्यात भरकटत श्रीलंकेला पोहोचला. त्याच्याजवळची डेनारियस नाणी पाहून तिथल्या राजाला रोमनांच्या सचोटीचे नवल वाटले, कारण चेहऱ्यांवरून ती वेगवेगळ्या माणसांनी पाडलेली दिसत होती, तरी वजनाला सगळी सारखी होती. दुसरी गोष्ट सहाव्या शतकातल्या कॉसमस या व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. श्रीलंकेच्या राजासमोर एक रोमन आणि एक इराणी व्यापारी आपापला राजा किती मोठा आहे हे सांगत होते. रोमन म्हणाला, दोन्ही राजे इथेच आहेत, पाहून घ्या. आणि त्याने आपले सोन्याचे नाणे आणि इराण्याचे चांदीचे नाणे पुढे केले. राजाने रोमन मोठा ठरवला. कॉसमसच्या काळातले नाणे म्हणजे ऑरियस नव्हे, कॉन्स्टंटाइनने सुरू केलेले सॉलिडस, रत्तलाला ७२ पडणारे. पण सम्राटाची छबी नाण्याबरोबर दरबारात शिरली, हे त्यातून दिसतेच.

तिरकस_रेघ

दोन्ही गोष्टी रोमनांनी रोमनांविषयी सांगितलेल्या आहेत, हे मोठ्या नम्रपणे निदर्शनास आणून देतो. आमच्या गावची यात्रा जगात भारी, असे आमच्या गावातल्या प्रत्येकाने सांगितले आहे.

बखरवाचक

हा हा, मान्य. तरीही पहिल्या गोष्टीतला राजा काय करतो ते पाहा. चेहरे निरनिराळे आहेत हे तो पाहतो, आणि नवल करतो ते वजनाचे. गोष्ट रोमनाची असली तरी त्यातला राजा मला अस्सल आपल्या बाजूचा वाटतो.

गोदाकाठ

दक्षिणेतच एवढे रोमन सोने का सापडते आणि महाराष्ट्रात त्या मानाने इतके थोडे का, हा प्रश्न इथे यायला हवा होता. केरळात परावूरजवळ वळ्ळुवळ्ळी इथे १९८३ मध्ये सापडलेल्या एकाच संचयात नीरोपासून अँटोनायनस पायसपर्यंतची २५२ सोन्याची नाणी होती. आपल्याकडे कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे आणि आत पैठण, तेर ही बाजारपेठांची गावे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात नावानिशी येतात. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलून नफा मिळतो, असेही तो लिहितो. माल गेला, पैसा आला, मग नाणी कुठे गेली?

माझे मत असे, की इथे क्षत्रप आणि सातवाहन यांची स्वतःची नाणी जोमाने चालू होती, त्यामुळे परके नाणे आले की मुशीत जात असे. तमिळ प्रदेशात तशी जड सोन्या-चांदीची स्थानिक नाणी प्रचारात नसल्यामुळे परके नाणे होते तसे साठवले गेले. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात सत्तर हजार कार्षापणांच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, दानाचा हिशेब देताना, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दराने दोन हजार सुवर्ण होतात, असे फोड करून सांगितले आहे. हे 'सुवर्ण' म्हणजे रोमन ऑरियस की कुषाणांचे नाणे, यावर वाद आहे. कुषाणांचे सोन्याचे नाणेही जवळजवळ आठ ग्रॅमचेच असल्यामुळे तो वाद वजनाने मिटत नाही. अफगाणिस्तानातल्या जलालाबादजवळच्या अहिनपोश स्तूपात तर डोमिशियन, ट्रेजन आणि हेड्रियनची राणी सबिना यांचे ऑरियस कुषाण नाण्यांच्या शेजारी एकत्र ठेवलेले सापडले.

आता चिरेविषयी. जोगळटेंभीच्या संचयाची आठवण कुणी कशी काढली नाही? नाशिक जिल्ह्यात १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. क्षत्रपाच्या गालावर डोंगराचे चिन्ह बसले आहे, आणि कडेने त्याचे नाक अजून डोकावते आहे. शत्रूचा चेहरा मोडायचा, चांदी तशीच ठेवायची आणि नाणे आपले म्हणून पुन्हा चालवायचे. पुदुकोट्टईच्या चिरेत पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी नाही. ज्याने ती नाणी चिरली त्याच्याजवळ स्वतःचा ठसा नव्हता, किंवा ती पुन्हा चालवायची त्याची इच्छा नव्हती.

कसोटी

गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून एक शंका आली. चिरलेले नाणे हे 'आता हे नाणे नाही, सोने आहे' असे जाहीर करण्याची खूण असेल का? रद्द झालेल्या धनादेशावर आपण तिरकी रेघ मारतो तशी. झिजलेली नाणी चलनातून बाहेर काढण्यासाठी चिरली, असे एक मत पूर्वी मांडले गेले होते असे वाचल्याचे आठवते.

गोदाकाठ

ते मत मांडले गेले आहे, आणि नाणी झिजलेलीही आहेत. पण झीज हेच कारण असेल, तर चेहराच का? रेघ कुठूनही मारता आली असती. तुमच्या धनादेशाच्या उपमेतच उत्तर आहे: आपण रेघ मारतो ती सहीवर.

कसोटी

निरुत्तर.

वाचनवेडी

आणि तरीही सगळीकडे चिराच आहेत असे नाही. पुढच्या काळातली कितीतरी सॉलिडस नाणी दक्षिण भारतात दोन भोके पाडलेली सापडतात, कर्नाटकातल्या अक्कीआळूरच्या संचयात तशी आहेत. ती भोके सम्राटाच्या डोक्याच्या वर शेजारी शेजारी असतात, म्हणजे दोऱ्यात ओवल्यावर चेहरा सरळ राहावा, उलटा लोंबू नये, एवढी काळजी घेतलेली आहे. सोन्याच्या रोमन नाण्यांच्या इथे बनवलेल्या नकला तर आहेतच, आणि तेरसारख्या ठिकाणी टायबेरियसच्या नाण्यावरून उठवलेल्या मातीच्या टिकल्याही मिळाल्या आहेत. एकाने छिन्नी मारली, दुसऱ्याने गळ्यात घातला.

माहेर_सोलापूर

गळ्यात घालण्यावरून आठवले. आपली पुतळ्यांची माळ ही मुळात व्हेनिसच्या डुकाटवरून आलेली आहे, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? १२८४ पासून पाडले गेलेले साडेतीन ग्रॅमचे ते सोन्याचे नाणे. एका बाजूला संत मार्क उभा, त्याच्यासमोर व्हेनिसचा राज्यप्रमुख डोज गुडघे टेकलेला, आणि दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. माझी आजी त्या दोघांना रामसीता म्हणत असे आणि माळ घालण्यापूर्वी डोळ्यांना लावत असे. तमिळ लोकांनी तर त्याच चित्राला ताडी काढणाऱ्याचे नाणे म्हटले, कारण त्यांना ती काठी म्हणजे माड वाटली आणि डोज त्यावर चढतो आहे असे दिसले.

खवचट

व्हेनिसच्या राज्यप्रमुखाला माडावर चढवणाऱ्या लोकांनी टायबेरियसला नुसती एक चीर मारून सोडले, हे त्याचे नशीबच म्हणायचे.

ओसरीवरची

एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते, सर्वांचे आभार. गोदाकाठ यांचा सहीचा मुद्दा वाचल्यावर मी पुन्हा ती छायाचित्रे उघडली. ऑगस्टसच्या एका नाण्याच्या मागे त्याचे दत्तक मुलगे गेयस आणि लुशियस ढाली-भाले घेऊन उभे आहेत. हा प्रकार लियाँच्या टांकसाळीत इसवी सनपूर्व २ पासून पाडला जाऊ लागला आणि भारतात अमाप आला. ते दोघे वारस इसवी सन ४ पर्यंत मरूनही गेले, पण नाणी प्रवास करत राहिली. तिथेही पुढच्या बाजूला ऑगस्टसच्या डोक्यावर चीर आहे, आणि मागे दोन्ही मुले जशीच्या तशी. छिन्नी मारणाऱ्याला लॅटिन येत नसणार. तरी कोणती बाजू राजाची आणि कोणती नाही, हे त्याला अचूक कळलेले आहे. तिरकस, चित्राकडे कुणी पाहत नव्हते म्हणालात ना? या माणसाने पाहिले होते.

माहेर_सोलापूर, तुमच्या आजीच्या माळेतल्या पुतळ्या खऱ्या डुकाट आहेत की इथल्या सोनाराने घडवलेल्या नकला आहेत? भोवतालची अक्षरे वाचता येतात का?

माहेर_सोलापूर

एकदा भिंगाखाली पाहिली होती. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या काड्या आहेत, म्हणजे नकलेवरून केलेली नकल असावी. गुडघे टेकलेली आकृती मात्र स्पष्ट आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरचे नाकडोळे पार पुसले गेले आहेत; तीन पिढ्यांनी डोळ्यांना लावून लावून ते गेले, की घडवणाऱ्याने काढलेच नव्हते, ते सांगता येत नाही. माळ बँकेच्या लॉकरमध्ये आहे. सोमवारी बँकेत जायचेच आहे, तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो काढून इथे टाकते. कसोटीदादांनी पाहून सांगावे.